डोंगरवाटेवरचे टायर

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा उजवा हात झोळीत अडकवून तासाला येऊन बसला. खांद्याजवळचे हाड मोडले होते. चौकशी केली तेव्हा कळले की, रविवारी पहाटे चार मित्रांबरोबर तो घाटमाथ्यावरच्या एका जुन्या पायवाटेने सायकलवरून उतरत होता. पावसाने धुतलेला काळा कातळ आडवा आला आणि साबणाची वडी ओल्या हातातून निसटावी तसे पुढचे चाक निसटले. शेजारी दरी नव्हती म्हणून बरे. पण त्याला दुःख होते ते हाडाचे नव्हतेच. तो म्हणाला, "सर, सायकल डोंगराची, टायर नवे कोरे, त्याला एवढाली बटणं. मग मी घसरलो कसा?"

आपल्याकडे सायकलवाले ज्याला बटण टायर म्हणतात, म्हणजे ज्याच्या पाठीवर रबराचे उंच चौकोनी ठोकळे असतात, ते त्याने मुद्दाम घेतले होते. दुकानदाराने सांगितले होते, बटणे जितकी मोठी तितकी पकड घट्ट. आणि हवा मात्र दगडासारखी कडक ठेवा. मुलाने दोन्ही उपदेश अक्षरशः पाळले, आणि दोन्ही उपदेशांनी मिळून त्याला आपटले!

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. टायरचे मला काय कळणार, असे आपण म्हणाल. परंतु वाचकहो, त्याचा प्रश्न ऐकला तेव्हा माझ्या मनात आले की हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. या दुकानदाराने सांगितले त्यातला अर्धा भाग एका काळचे सत्य होते, आणि उरलेला अर्धा भाग एका विशिष्ट जमिनीवरचे सत्य होते. काळ बदलला, जमीन बदलली, आणि उपदेश तेवढा मागे राहिला. कसा, ते पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, हे आपणांस ठाऊकच आहे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आणि मग इंग्लंडात जी पायडलची सायकल आली तिच्या लाकडी चाकांनाही अशीच लोखंडी पट्टी होती. इंग्रजांनी तिचे नाव ठेवले 'हाडे खिळखिळी करणारी', आणि ते नाव मुळीच अतिशयोक्तीचे नव्हते. मौज अशी की, यावरचा उतारा तेव्हा कागदावर येऊन पडलेला होता. रॉबर्ट विल्यम टॉमसन नावाच्या एका तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, वरून कातड्याचे आवरण. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने अशी चाके लावलेली घोडागाडी चालवून दाखवली. त्या प्रयोगांत एक गोष्ट दिसून आली ती आपण नीट ध्यानात ठेवू, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. गुळगुळीत रस्त्यावर हवेच्या चाकाने घोड्याचे कष्ट कमी होत. पण नुकत्याच फोडून टाकलेल्या खडीवर ते कितीतरी अधिक कमी होत. म्हणजे हवेच्या चाकाचा खरा उपयोग वाईट वाटेवर! लोखंडी चाकाला प्रत्येक खडा चढून उतरावे लागते, आणि गाडीचे सगळे ओझे त्याबरोबर वर-खाली होते. मऊ चाक खडा पोटात घेते आणि पुढे जाते.

टॉमसनची कल्पना मात्र विस्मरणात गेली. रबर महाग होते, आणि घोडागाडीवाल्यांना घाई नव्हती. चाळीस वर्षांनी, १८८७-८८ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना पुन्हा स्वतंत्रपणे शोधून काढली. १८८९च्या मे महिन्यात विली ह्यूम नावाचा स्पर्धक हे जाडजूड टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला तेव्हा लोक हसले, आणि शर्यत संपल्यावर हसायचे थांबले. पुढे डनलॉपचे पेटंट टॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे रद्दही झाले. पण नाव राहिले ते डनलॉपचे. इतिहासात असे पुष्कळ होते. असो.

येथवर सगळे ठीक. पण यानंतर सायकलच्या जगाला वेड लागले ते वेगाचे, आणि हा वेग मोजला जाई तो शर्यतीच्या गोल मैदानावर आणि चांगल्या सडकेवर. सपाट जमिनीवर टणक टायर खरोखरच हलके पळते. त्यामुळे हळूहळू एक सूत्र तयार झाले: अरुंद, गुळगुळीत आणि कडक म्हणजे वेगवान. पुढे बराच काळ हे सूत्र बहुतेकांनी तपासून पाहिले नाही. आपल्या गल्लीतला पंपवालासुद्धा टायर अंगठ्याने दाबून "झालं, एकदम टाईट" म्हणतो तेव्हा तो त्या सूत्राचाच पाठ म्हणत असतो.

वाईट वाटेवर सायकल नेणारे लोक नव्हते असे नाही. १८९७ साली अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिक आपल्या गोऱ्या लेफ्टनंटासह मोंटानातील मिझूलापासून सेंट लुइसपर्यंत सायकलींवर गेले. अंतर एकोणीसशे मैल, दिवस एक्केचाळीस. त्यांच्या वाटेत एक प्रकारची चिकणमाती लागली. ती पावसात भिजली की चाकाला असे लिंपण घाली की चाक आणि चिमटा यांच्यामध्ये बोटभर जागा उरेना, आणि मग सायकलने माणसाला न्यायचे ते सोडून माणसाने सायकल खांद्यावर घ्यायची. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या रानात मृगाच्या पावसानंतर ज्याने सायकल घातली असेल त्याला हे निराळे सांगावयास नको. इकडे मुंबईतूनही १९२३ साली काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराणच्या डोंगरांतून आणि पलीकडच्या वाळवंटांतून वाट काढीत १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. या सगळ्यांची छाती मोठी होती. परंतु त्यांची टायरे सडकेची होती. जमिनीने टायरला काही शिकवावे आणि टायरने ते ऐकावे, असे अजून घडायचे होते.

ते घडले एका बाजूच्या वाटेने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने लहान मुलांच्या सायकलीसाठी एक नवे टायर बाजारात आणले. चाक सव्वीस इंचांचे, टायर सव्वादोन इंचांना जरा कमी इतके रुंद, आत हवा थोडी. याला ते बलून टायर म्हणत. त्यात पकडीचा विचार नव्हता, वेगाचा तर नव्हताच. अमेरिकेत मंदी होती, मुले सायकली फुटपाथवरून उडवीत, आणि बापांना वरचेवर चाके दुरुस्त करणे परवडत नव्हते. म्हणून मोटारीसारखे जाड टायर. वर्तमानपत्रे टाकणारी पोरे पुढे वर्षानुवर्षे या जड सायकली वापरीत. मग त्या जुन्या झाल्या, गंजल्या, आणि भंगारात जाऊन पडल्या.

आता आपण चाळीस वर्षे ओलांडून कॅलिफोर्नियात येऊ. सॅनफ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा जिल्हा आहे. तेथे टामालपाइस नावाचा डोंगर, आणि आसपासच्या टेकड्यांवरून वणवा विझवणाऱ्यांच्या गाड्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते. १९७०च्या दशकात तेथली काही तरुण मंडळी, ज्यांतील कित्येक एरवी सडकेवरच्या शर्यतींत अरुंद टायरवर पळणारी होती, गंमत म्हणून या भंगारातल्या सायकली चार-पाच डॉलरला घेऊन डोंगरावर नेऊ लागली. या सायकलींना त्यांनी नाव दिले 'क्लंकर', म्हणजे खटारा. पन्नास पौंडांच्या घरात वजन. तरी हीच सायकल का? तर त्या उतारांवर इतर सगळ्या सायकलींचे काही ना काही मोडे, आणि ती बलून टायरची मात्र उतरून येई. इतके साधे कारण.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांचा रस्ता, त्यात तेराशे फुटांची उतरण. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर जवळजवळ अख्खा घाट दोन मैलांत उतरायचा. सायकलींना ब्रेक असा की पायडल उलटे मारले म्हणजे मागचे चाक धरायचे. तेराशे फूट ब्रेक धरून उतरल्यावर मागचा हब एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीचे नाव पडले 'रीपॅक'. शर्यत भरवणारे चार्ली केली. गॅरी फिशर याने पुढे चार मिनिटे बावीस सेकंदांत हा उतार उतरून जो विक्रम केला तो त्या शर्यतींत कोणाला मोडता आला नाही.

मला या शर्यतीचे महत्त्व वाटते ते विक्रमासाठी नव्हे. रीपॅक ही टायरची पहिली प्रयोगशाळा होती. ऑक्टोबर म्हणजे तेथे कोरड्या ऋतूची अखेर. सहा महिने पाऊस नाही, जमीन भाजून टणक झालेली, आणि वर बारीक वाळू-खडीचा पातळ थर. आपल्याकडे कडक रस्त्यावर मुरूम पसरून त्यावर रोलर फिरवायचा राहून गेला म्हणजे जे होते, तसे. अशा जमिनीवर गुळगुळीत टायर गोट्यांवर ठेवल्यासारखे धावते. उंच ठोकळ्यांचे टायर मात्र तो सैल थर भेदून खालच्या घट्ट जमिनीला जाऊन टेकते. म्हणून या मंडळींनी गुळगुळीत बलून टायरे काढून ठोकळ्यांची टायरे शोधली. 'मोठी बटणं, घट्ट पकड' हा आमच्या दुकानदाराचा मंत्र अशा जमिनीवर जन्मला, आणि अशा जमिनीवर तो खराच आहे.

१९७७ साली जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवी सायकल घडवली. चौकट नवी, नळ्या चांगल्या पोलादाच्या. पण चाक सव्वीसचे आणि टायर तेच रुंद. सगळी सायकल जणू त्या टायरभोवती बांधली. चार वर्षांनी, १९८१ साली, स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टंपजंपर' कारखान्यातून मोठ्या संख्येने काढली आणि डोंगराची सायकल गावोगाव गेली. मधल्या काळात, १९८०च्या सुमारास, पोलादी रिमऐवजी हलक्या ॲल्युमिनियमची सव्वीस इंची रिम आणि तिच्याजोगी हलकी टायरे मिळू लागली होती. त्याने मोठाच फरक पडला. क्लंकर उतरत असे, पण चढताना ती ढकलावीच लागे किंवा ट्रकवर टाकून वर न्यावी लागे. आता माणूस बसून चढू लागला. इंग्लंडात जेफ ॲप्स नावाचा गृहस्थ त्याच सुमारास स्वतंत्रपणे निराळ्याच जमिनीसाठी, म्हणजे ओल्या, चिखलाच्या इंग्रजी रानवाटांसाठी सायकली करीत होता. त्याने फिनलंडहून बर्फासाठी बनलेली टायरे मागवली. कॅलिफोर्निया धुळीचा विचार करीत होती आणि इंग्लंड चिखलाचा. दोघांची टायरे सारखी असतील कशी?

येथे थोडे थांबून पकड म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे की घर्षण हे टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. आमचे फिजिक्सचे सहकारी म्हणतात की रबर हे पुस्तक वाचलेले नाही. रबर दोन तऱ्हांनी धरते. एक तर ते जमिनीच्या सूक्ष्म खाचखळग्यांत शिरते आणि तेथून निघताना कुरकुर करते, चटकन परत फिरत नाही. आणि दुसरे, त्याचे ठोकळे मातीत रुतून नखासारखे अडकतात. कातळावर पहिली तऱ्हा कामाची, कारण कातळात नख रुतत नाही. मातीत दुसरी. म्हणूनच उंच, विरळ, कडक रबराचे ठोकळे कातळावर बिनकामाचे. ते तेथे रुतू शकत नाहीत. उलट त्यांच्या चिंचोळ्या टोकांवर सगळा भार येतो आणि वळणावर ते वाकून कोलमडतात. आमचा मुलगा घसरला तो असा. कातळावर हवीत बुटकी, जवळजवळ बसवलेली, अंगावर बारीक चिरा घेतलेली बटणे, आणि मऊ रबर. रबराचा मऊपणा शोअर नावाच्या मापाने मोजतात. साधे टायर साठीच्या आसपास असते, आणि उतारासाठी खास बनवलेले बेचाळिसापर्यंत खाली येते. मात्र मऊ रबर लवकर झिजते आणि सपाटीवर पाय ओढते. चिखलाला याच्या उलट. तेथे ठोकळे उंच आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाईल. जवळ असतील तर माती मध्ये भरून टायरचे गुळगुळीत मातीचे कडे तयार होते, आणि मग आपली गत त्या १८९७च्या सैनिकांची! शेवाळलेल्या ओल्या दगडाबद्दल विचाराल तर त्यावर निश्चिंत धरील असे टायर नाही. तेथे उतरून चालावे.

आता हवा. हिशेब सोपा आहे. समजा मागच्या चाकावर एकशे दहा पौंड भार आहे, आणि टायरमध्ये दर चौरस इंचास पंचावन्न पौंड दाब. मग जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने दोन चौरस इंच, म्हणजे काड्यापेटीपेक्षा लहान. तोच दाब पंचवीस पौंडांवर आणा. टेकणारा भाग साडेचार चौरस इंचांच्या घरात जातो, दीड काड्यापेटीएवढा. शिवाय मऊ टायर दगडाच्या आकारात बसते, उडत नाही. आणि जे चाक हवेत उडाले आहे त्याला पकड कुठली? टॉमसनने १८४७ साली खडीवर पाहिलेली गोष्ट ती हीच. खडबडीत वाटेवर कमी हवेचे टायर धरते तर चांगले, पण बहुधा पळतेही चांगले.

मग लोकांनी हवा कमी का केली नाही? मला वाटते, दोन अडचणी होत्या, आणि त्यांतली एक मनाची होती. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे डोंगरी सायकलींच्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धा झाल्या, १९९६ साली अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. शर्यत म्हटली की पुन्हा ते जुने सूत्र जागे झाले: अरुंद, हलके, कडक. रीपॅकच्या उतारावर जे शिकले ते धडे अर्धेमुर्धे विसरले जाऊन दोन इंचांहून कमी रुंदीची टायरे भरपूर हवा भरून धावू लागली. दुसरी अडचण मात्र खरी होती. हवा कमी असली की टायर दगडावर आपटून पार रिमपर्यंत चेपते, आणि आतली ट्यूब दगड आणि रिम यांच्या कात्रीत सापडून तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. सापाच्या दातांसारखी दिसतात म्हणून याला साप चावला असेच म्हणतात. रानात संध्याकाळी असा साप दोनदा चावला की माणूस शहाणा होऊन कडक हवा भरू लागतो.

हा साप मारला तो ट्यूबच काढून टाकून. १९९९ साली फ्रान्समधील माविक कंपनीने हचिन्सन आणि मिशेलिन यांच्याबरोबर डोंगरी सायकलसाठी बिनट्यूबच्या चाकाची पद्धत आणली. पाठोपाठ टायरच्या आत ओतायचे रबराचे दुधासारखे द्रव आले; काटा रुतला की ते भोकाकडे धावते आणि थिजून बसते. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे महत्त्व कळावे. ट्यूब गेली, साप गेला, आणि हवा तीसच्या खाली आली. टायर पुन्हा रुंद होत गेले. आज सव्वादोन-अडीच इंचांचे टायर शर्यतीतही कोणाला चमत्कारिक वाटत नाही. १९९९ सालीच एकोणतीस इंची चाकाचे पहिले खरे डोंगरी टायर निघाले. बर्फ आणि वाळूसाठी २००५ साली पावणेचार इंचांचेही निघाले. त्यांच्या तपशिलात मी जात नाही.

या काळातली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या मुलाच्या उपयोगाची तीच. १९९०च्या दशकारंभी पानारेसर या जपानी कंपनीने पुढच्या चाकाला एक आणि मागच्या चाकाला दुसरे, अशी जोडी विकायला काढली. पुढच्याची बटणे बाणाच्या टोकासारखी, मागच्याची वल्ह्यासारखी आडवी. पुढे इतरांनीही तसे केले. यामागे साधा विचार आहे. मागचे चाक ढकलते आणि चढावर माती मागे फेकते. पुढचे चाक वळते, आणि ब्रेक लागला की अंगावरचा भार पुढच्यावर येतो. मागचे घसरले तर सायकल शेपूट हलवते, पाय टेकून सावरता येते. पुढचे घसरले की सावरायला वेळ नसतो. म्हणून चांगले, मऊ, कडेला भक्कम बटणे असलेले टायर पुढे लावावे, आणि पळणारे, बुटक्या बटणांचे मागे. आपल्याकडे नवे टायर मागे टाकून जुने पुढे ढकलण्याची जी रीत आहे, ती डोंगरावर हाडवैद्याच्या सोयीची आहे.

पकडीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यावरून मरीनमध्ये बरीच भांडणे झाली. जे ठोकळे मातीला धरतात ते माती उकरतातही. डोंगरावर चालणारे आणि घोड्यावर फिरणारे लोक १९८०च्या दशकात या खटाऱ्यांवर रागावले. ज्या टामालपाइसच्या कुशीत हा खेळ जन्मला तेथल्याच अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, आणि रुंद रस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली. १९८४ साली अमेरिकन वनखात्याने आपल्या राखीव निबिड अरण्यांतून सायकलींना स्पष्ट मनाई केली. १९९४ साली मोंटानातील वाटांवर पाणी शिंपून केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी होते. तरी घसटलेले चाक ही निराळी गोष्ट आहे. ब्रेक गच्च दाबून मागचे चाक फरफटत उतरणारा माणूस उतारावर जी रेघ ओढतो, ती पहिल्या पावसात पाण्याची चर होते आणि तिसऱ्या पावसात ओहोळ. आपल्या गडांच्या वाटांवर हे घडू लागले आहे. ज्या टायरला धरता येते ते फरफटत नाही. म्हणजे स्वाराच्या हाडांना जे टायर मानवते, तेच बहुतेक वेळा वाटेलाही मानवते, असे मला दिसते. बहुतेक वेळा म्हणतो, कारण भर पावसात पायवाट लापशीसारखी झाली असताना कोणतेही टायर तिला नासवणारच.

हे सगळे मी त्या मुलाला एका बैठकीत सांगितले असे समजू नका. झोळी सुटेपर्यंत सहा आठवडे गेले, आणि तो अधूनमधून स्टाफरूममध्ये येऊन बसे. पहिल्यांदा त्याला वाटले, मी त्याला सायकल सोडून द्यायला सांगणार. मी म्हटले, तू जातोस त्या वाटा एका कागदावर लिही आणि कुठल्या महिन्यात कुठली वाट, तेही लिही. त्याने लिहिले: जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटमाथ्याचा ओला कातळ आणि तांबडी माती, दिवाळीनंतर मुरमाच्या टेकड्या, उन्हाळ्यात धूळ आणि खडे. कागद समोर ठेवल्यावर त्याचे त्यालाच दिसले की त्याने घेतलेले टायर यांतल्या एका ओळीलाही नीट लागू नव्हते. ते होते खोल, मोकळ्या चिखलाचे, आणि तसल्या रानात तो कधी जातच नव्हता.

नवी जोडी घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. पुढचे एकच बदलले: सव्वादोन इंचांहून जरा रुंद, रबर मऊ, मधली बटणे बुटकी आणि जवळ, कडेची भक्कम. मागे तेच जुने राहिले. ट्यूबही तूर्त तशीच ठेवली. म्हणून हवा पुढे सव्वीस आणि मागे तीस पौंड, त्याच्या त्रेसष्ट किलो वजनाला. पूर्वी तो पंचावन्न भरी. पहिल्या दिवशी अंगठ्याने दाबून पाहिले तेव्हा त्याचा चेहरा पडला. "सर, हे तर पंक्चर झाल्यासारखं लागतंय," म्हणाला. दुकानदारही म्हणाला म्हणे, की असे फिरलात तर रिम जाईल. रिम गेली नाही. साप मात्र एकदा चावला, नोव्हेंबरात, मुरमाच्या टेकडीवरून उतरताना. तेव्हा त्याने मागे दोन पौंड वाढवले.

परवा तो पुन्हा त्याच वाटेने गेला होता. कातळ तोच होता, पण या वेळी कोरडा. बसूनच उतरलो, म्हणाला. पाऊस पडल्यावर काय करशील, असे मी विचारले, तेव्हा त्याने खांदा चोळत सांगितले की तेवढे पंधरा फूट सायकल हातात धरून चालत जाईन.